पेंडी सोडावीच लागते

परवा माझ्या बाबांनी गोंदियातल्या एका फिजिओथेरपी सेंटरचा टीव्ही जवळजवळ फोडलाच होता... आणि तिथल्या डॉक्टर मॅडमनी चक्क टाळ्या वाजवल्या.

चार महिन्यांपूर्वी बाबांना लकवा मारला. चालणं बऱ्यापैकी परत आलं, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. रोज सकाळी आई कोमट पाणी घेऊन बसते, एकेक बोट उकलून तळवा पुसते. बाबा तेवढा वेळ भिंतीकडे बघत राहतात... मला ते बघवत नाही.

कामठ्याला त्यांची धानाची शेती. यंदाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, त्यांच्याविना झाली, कारण मी दोघांनाही गोंदियालगत मुर्रीला माझ्या घरी आणून ठेवलंय. लेकीच्या घरी बसून खायचं, याचाच त्यांना निम्मा त्रास!

तर त्या सेंटरमध्ये टीव्हीला जोडलेला एक व्हिडिओ गेम आहे. रिमोट हातात धरून हात झुलवला की पडद्यावरचा बॉल घरंगळत जातो आणि समोरच्या बाटल्या पाडतो. मॅडम रिमोट बाबांच्या मुठीत खोचून द्यायच्या. मनगटाला बांधायचा पट्टा होता, पण ही मूठ सुटतेय कुठे... म्हणून तो कुणी बांधतच नव्हतं.

मॅडम लाडीगोडी लावायच्या, "काकाजी, थोड़ा और पीछे से..." बाबांचं तोंड वाकडं. "मी का आता पोट्टा आहो?" म्हणायचे आणि हात जेमतेम वीतभर हलवायचे. खरं सांगते, मलाही तो टाइमपासच वाटत होता. पंधरा दिवस असेच गेले.

परवा मात्र बाकावर बसलेल्या आईचा धीर सुटला.

"अवो, बॉल कायले म्हनता त्याले? पेंडी समजा ना! बाया बांधीत उभ्या आहेत, तुमचीच वाट पाहून राहिल्या."

ज्यांनी रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते... धानाच्या रोपांच्या पेंड्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बांधीतल्या म्हणजे खाचरातल्या चिखलात फेकाव्या लागतात, रोवणाऱ्या बाईच्या अगदी हाताशी पडतील अशा. बाबांचा त्यात हातखंडा. त्यांच्या पेंडीने कुणाच्या लुगड्यावर चिखल उडाल्याचं आईला आठवत नाही, आणि आईला सगळं आठवतं!

बाबांनी पडद्याकडे नीट पाहिलं. कंबरेत किंचित वाकले, हात मागे गेला, खांद्यापासून पुढे आला... आणि रिमोट सुटून टीव्हीच्या शेजारी भिंतीवर! झाकण एकीकडे, सेल दुसरीकडे.

मी "बाबा!" म्हणून ओरडलेच. बाबा ओशाळले, पण चूक काय झाली ते त्यांना कळेना. म्हणाले, "पेंडी सोडल्याबिगर जाते का?"

मॅडम रिमोटकडे बघतच नव्हत्या. त्या बाबांच्या हाताकडे बघत होत्या. मग मी पाहिलं, आईने पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी बाबांनी... बोटं उघडली होती. पुरती नाही, पण चार महिन्यांत पहिल्यांदा, आपली आपण. थोड्या वेळाने पुन्हा मिटली.

"काकाजी, फिर से!" मॅडमनी झाकणाला चिकटपट्टी लावली, टीव्हीसमोर दोन उशा रचल्या. बाबांनी आणखी सहा वेळा फेकलं. दोनदा रिमोट सुटला.

पट्टा न बांधणाऱ्या त्या मॅडमचे आभार कसे मानू कळत नाही. तो गेम बनवणाऱ्या कुणा अनोळखी माणसाचेही. त्याला बिचाऱ्याला पेंडी म्हणजे काय हे ठाऊकही नसेल. आईचे आभार मानायला गेले तर म्हणाली, "चाल हो तिकडे!"

आज सकाळी ती नेहमीसारखी कोमट पाणी घेऊन बसली. बाबा म्हणाले, "थांब." घाम फुटला, ओठ आवळले गेले, पण अंगठा आणि दोन बोटं त्यांनी स्वतः उघडली. उरलेली दोन आईने उकलली.

ती तळवा पुसत होती... आणि आज बाबा आपल्या हाताकडे बघत होते.