खंडेनवमीला बंद असलेलं गोल्फ

चार माणसं रोज एकाच ठिकाणी जमली की किस्से आपोआप साचतात. ते कुणी मुद्दाम करत नाही, आणि साफ करायलाही कुणाला वेळ नसतो. आमच्या उधन्यात जयेशभाईंचा गेम झोन आहे. दोन्ही बाजूंना लूमची खाती, म्हणजे कापड विणायचे कारखाने, आणि मधल्या गाळ्यात दोन गाडी चालवायचे गेम, एक कॅरम आणि गोल्फचं एक मशीन. मी साड्यांना लेस लावणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. कामावरून सुटलो की घर गोडादऱ्याला असूनही पाय आधी तिकडेच वळतात. बायको म्हणते, तुमचा पत्ता बदलून घ्या.

गोल्फ म्हणजे नेमकं काय, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मशीनच्या मधोमध एक पांढरा गोळा असतो. तो तळहाताने मागे घ्यायचा आणि जोरात पुढे ढकलायचा, की पडद्यावरचा चेंडू उडतो. कमीत कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालायचा, एवढाच खेळ. पण यापायी किती जणांची बोटं काचेवर आपटली, ते विचारू नका!

* * *

मशीन आलं त्या दिवशी भगवान नाना नुसतेच बघायला आले होते. नाना मूळ धुळ्याकडचे. जन्मभर लूम चालवली, आणि खातं बंद पडल्यापासून घरात बसून होते. बोलणं जवळजवळ बंदच. बायकोनेच, म्हणजे आमच्या कमलकाकींनी, त्यांना ढकलून बाहेर पाठवलं होतं.

पडद्यावर हिरवंगार मैदान उलगडलं. सुनील, म्हणजे आमचा एम्ब्रॉयडरी मशीनवाला, खुशीत सांगू लागला की नाना, बघा कसली भारी जागा आहे. नानांनी बराच वेळ ते मैदान निरखलं. लूमच्या आवाजाने कान गेलेले, त्यामुळे ते नेहमी मोठ्यानेच बोलतात.

"एवढी जमीन पडीक कसाले ठेवेल शे? बारडोलीवाल्यास्ले दी टाका, ऊस तरी लावतीन."

कित्येक महिन्यांनी नाना काहीतरी बोलले, असं काकींनी मला नंतर सांगितलं. तेव्हापासून ते रोज यायला लागले.

* * *

आणि बघता बघता नाना आमच्यातले सगळ्यात भारी खेळाडू झाले. सुनीलला हे पचायला जरा जड गेलं. तो गोळ्याला असा फटका मारायचा की चेंडू मैदान सोडून मोबाइलच्या टॉवरकडे जायचा. नाना मात्र हळूच, एका हाताने.

पण एका सुट्टीच्या दिवशी नानांना काय झालं कुणास ठाऊक. खड्ड्यापासून वीतभर अंतरावरून चेंडू चुकायला लागला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आम्ही घाबरलो. मी म्हटलं, नाना, तब्येत बरी आहे ना? जयेशभाईंनी लिंबूसरबत मागवलं. सुनील तर मनातून खूश होता, पण तोंड दुःखी करून उभा राहिला.

नाना वैतागून म्हणाले, "कान वाजी रायनात. इतली शांतता शे, काही सुचतच नही."

सुट्टीमुळे शेजारची दोन्ही खाती बंद होती! सुनीलने मोबाइलवर लूमचा खटखटाट शोधला, आवाज पूर्ण वाढवला आणि मोबाइल मशीनवर ठेवला. पुढचा फटका सरळ खड्ड्यात. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी जयेशभाई आधी लूम लावतात आणि मग अगरबत्ती.

* * *

मध्यंतरी गेमच्या कंपनीने चाहत्यांसाठी एक स्पर्धा काढली. स्वतःच्या कल्पनेतलं गोल्फचं मैदान कागदावर काढून पाठवायचं, आवडलं तर ते गेममध्ये येणार. आम्ही सगळे कामाला लागलो. फटका मारायची जागा गोडादऱ्यातल्या नानांच्या गच्चीवर. तिथून चेंडू वाळत घातलेल्या साड्यांवरून, खाडीवरून, रेल्वेच्या रुळांवरून उधन्याला यायचा आणि जयेशभाईंच्या दारातल्या खड्ड्यात पडायचा. तो खड्डा तर खराच आहे, काढायलाही लागला नाही.

कंपनीचं उत्तर आलं की कल्पना फार छान आहे, पण यात कुठेच गवत दिसत नाही.

नानांना मनापासून वाईट वाटलं. "आठे गवत ऱ्हातं, तर म्हशी ऱ्हात्या," ते म्हणाले.

जयेशभाईंनी ते उत्तर फ्रेम करून अंबामातेच्या फोटोशेजारी लावलंय. आलेल्या प्रत्येकाला सांगतात, "कंपनीए लख्युं छे, कल्पना छान आहे." पुढचं वाक्य ते वाचून दाखवत नाहीत.

* * *

आमच्या खात्यांत खंडेनवमीला मशीनची पूजा होते. त्या दिवशी मशीनला हळदकुंकू, फुलं, नारळ, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. ज्यावर पोट चालतं त्याला एक दिवस विश्रांती.

मशीन आल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला कमलकाकी गेम झोनमध्ये पूजेचं ताट घेऊन हजर. मी म्हटलं, काकी, हे काय पोटापाण्याचं मशीन आहे का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच चप्पल काढली. माणूस पुन्हा बोलायला लागला ते या मशीनमुळे, असं त्यांचं साधं गणित होतं. त्यांनी भक्तिभावाने नेमकं त्या पांढऱ्या गोळ्यालाच हळदकुंकू लावलं. वर अक्षता.

दसऱ्याच्या दिवशी गोळा फिरेना. फिरला की फक्त डावीकडे! दुरुस्तीवाला आला, गोळा काढला आणि आत बघतच राहिला. जयेशभाईंना म्हणाला, मी आजवर मशीनमधून च्युइंगम काढलं, नाणी काढली, तांदूळ पहिल्यांदाच.

तेव्हापासून कुंकू वरच्या पाटीला लागतं.

* * *

आता गेल्या नवरात्रातला किस्सा.

कंपनीने सगळ्या सेंटरांची आठवडाभराची स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक जण आपापल्या मशीनवर खेळणार, गुण ऑनलाइन लागणार. जो पहिला येईल त्याच्या सेंटरवर मशीन राहणार, बाकी ठिकाणची मशीनं कंपनी उचलून नेणार. आमचं मशीन तिकडे वेसूच्या मॉलमध्ये जाणार असंही कानावर आलं होतं. नाना मॉलमध्ये जाऊन गोल्फ खेळणार का? ते पुन्हा घरात बसतील, एवढं आम्हाला स्वच्छ दिसत होतं. काकी रोज अंबामातेला दिवा लावायला लागल्या.

यादीत नानांच्या बरोबरीने एकच जण होता. नाव नुसतं 'राव'. गाव वगैरे काही नाही. सुनीलने ठरवून टाकलं की हा रिटायर्ड कर्नल असणार. पांढरी टोपी, एसी हॉल, खरं गोल्फ खेळलेला माणूस. हा राव रोज संध्याकाळी खेळायचा आणि रोज नानांना गाठायचा. अष्टमीला नाना एका फटक्याने पुढे होते. शेवटचा दिवस नवमीचा, संध्याकाळी आठपर्यंत. त्या दिवशी अजून एक डाव खेळून पुढची मजल मारायची, असं आमचं ठरलं होतं.

सकाळी आम्ही पोचलो तर मशीनला झेंडूचा हार. समोर नारळ फोडलेला. आणि मशीनपुढे स्टूल टाकून कमलकाकी मेथी निवडत बसलेल्या.

तारीख सगळ्यांनी पाहिली होती, तिथी कुणीच पाहिली नव्हती.

सुनील काकुळतीला आला. काकी, एकच डाव, हार न हलवता खेळतो म्हणाला. काकींनी त्याच्या दोन्ही हातांत प्रसाद ठेवला, म्हणजे हात मोकळाच राहिला नाही. जयेशभाई म्हणाले, आमच्यात पूजा दसऱ्याला, उद्या फाफडा-जलेबी खाऊन परत करू ना. काकी म्हणाल्या, "देव बठेल शे. उठाडू का त्याले?"

मग सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. ते म्हणाले असते तर काकींनी ऐकलंही असतं. नाना हार बघत उभे होते.

"आजना दिवस लूमले कधी हात लावा नही," ते म्हणाले. "आते लावसू का?"

आणि ते खाली बसले. मला त्यांचा राग आला, आणि अभिमानही वाटला.

दिवसभर आम्ही जयेशभाईंच्या मोबाइलवर ती यादी बघत बसलो. रावला काय खंडेनवमीचं? तो संध्याकाळी येणार, खेळणार आणि दोन फटके कमी करून जाणार. पाच वाजले, सहा वाजले, राव आला नाही. सात वाजता सुनील म्हणाला, कर्नलसाहेब क्लबमध्ये जेवून येणार असतील. साडेसात वाजले. काकींची मेथी केव्हाच निवडून झाली होती, आता त्या नुसत्या काड्या निवडत होत्या.

आठ वाजले. यादी बंद झाली. वर नानांचं नाव.

जयेशभाई एवढंच म्हणाले, "मशीन रही गयुं." सुनील मटकन खाली बसला. मला इतकं हलकं वाटलं की हसू येतंय की रडू ते कळेना. नानांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि बराच वेळ उपरणं खाली घेतलंच नाही. काकी मेथी घेऊन घरी निघाल्या, पण दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि मशीनला हात जोडून गेल्या.

तेवढ्यात फोन वाजला. अभिनंदन करायला म्हणून कंपनीने रावला आमचा नंबर दिला होता. जयेशभाईंनी स्पीकर लावला. नाना सावरून उभे राहिले, आणि साहेबाशी बोलायचं म्हणून जमेल तशी शुद्ध मराठी काढून ओरडले, "रावसाहेब, तुम्ही आज का नाही खेळले?"

"कसलं साहेब हो. इचलकरंजीतनं बोलतोय, यंत्रमागावर असतो," तो माणूस म्हणाला. "सकाळीच आईनं मशीनला हार घातलाय. हात कोण लावणार?"