मामांची गुरुवारची गाडी

माणसाच्या बहुतेक दुःखांचं मूळ माल चुकीच्या क्रमाने भरण्यात आहे, असं माझ्या मामेसासऱ्यांचं ठाम मत आहे. मामा मिरजगावात हायवेवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेली कित्येक वर्षं गाड्या लावतात. कुठल्या टेम्पोत काय जायचं, आधी काय भरायचं, कुठे काय उतरायचं, हे सगळं ते एका खुर्चीत बसून दोन मोबाईलवर ठरवतात. जे शेवटी उतरवायचं ते आधी भरायचं, हा त्यांचा पहिला नियम. आम्ही त्यांच्याकडून नगरला परत निघालो की ते आमची बॅग उघडून पुन्हा भरतात. घरी पोचल्यावर कुलपाची किल्ली सगळ्यात वर सापडते आणि बायको माझ्याकडे बघते. लग्नात पंगतीला बसले तरी त्यांना चैन नसते. वाढप्यांना हाक मारून, दाराजवळून न वाढता टोकाकडून सुरुवात करा, म्हणजे एकमेकांना आडवे येणार नाही, असं शिकवतात आणि तोवर त्यांच्या ताटातला भात गार होतो.

दुसरा नियम म्हणजे गाडी रिकामी परत यायची नाही. त्यांच्याकडून आमच्याकडे लिंबांची गोणी येते, आणि ड्रायव्हर ती उतरवत असतानाच मामांचा फोन येतो, "जावईबापू, गाडी मोकळीच येतीय. काय हाय का पाठवायला?" काही नसलं तर ते खट्टू होतात. एकदा आम्ही नाइलाजाने आमचा बिघडलेला कुकर पाठवला, तो दुरुस्त होऊन पुढच्या लिंबांबरोबर परत आला.

मी नगरच्या कॉलेजात कॉमर्स शिकवतो. आमच्या अभ्यासक्रमात लॉजिस्टिक्स आल्यावर मी मामांना वर्गात बोलावलं. एका मुलीने विचारलं, "सर, इन्व्हेंटरी म्हणजे काय?" मी तिला त्याचा अर्थ नुसता पडून असलेला माल असा सांगितला. मामा म्हणाले, "म्हंजे तुमी सुट्टीत घरी असता, तसं." मी वर्षभर शिकवलेलं मुलं विसरली, हे मात्र त्यांच्या लक्षात राहिलं.

मग मामींच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिससाठी नगरला यावं लागायचं. मामांनी ते काम हातात घेतलं. नगरला येणाऱ्या गाड्यांमधली चांगल्या केबिनची गाडी, सावकाश चालवणारा ड्रायव्हर, ती बिघडली तर मागून येणारी दुसरी, असं सगळं त्यांनी लावून दिलं. एका गुरुवारी रस्त्यात उसाची ट्रॉली उलटली आणि मामींचा टेम्पो दोन्हीकडून अडकला. मामांनी जवळच्या गावातली दुधाची गाडी शेतातल्या रस्त्याने हायवेपर्यंत आणवली. ड्रायव्हरने मामींना हात धरून तिच्यात बसवलं. तोवर मामांनी डायलिसिस सेंटरला फोन करून नगरमध्येच राहणाऱ्या एका पेशंटशी मामींची वेळ बदलून घेतली होती. मामी उशिरा पोचल्या, पण मशीन मिळालं. श्वास लागलेला, पाय सुजलेले. त्या दिवशी डायलिसिस चुकलं असतं तर काय झालं असतं, हे मी तिथे पोचल्यावर नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं.

संध्याकाळी मामी आमच्या घरी पडून होत्या. बायको मामांचं कौतुक करत होती. मामींनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दीड वरीस झालं, गाडी कधी चुकली न्हाई. पन ह्यो मानूस एकदाबी माज्या शेजारी बसला न्हाई."

हे मी मामांना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "मी गाडीत बसल्यावर गाड्या कोन बघनार?"

पुढच्या गुरुवारी मी सेंटरच्या दारात उभा होतो. टेम्पो आला. आधी मामा उतरले, मग त्यांनी मामींना उतरवलं. दोन्ही मोबाईल ऑफिसातल्या माणसाकडे ठेवून आले होते आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मला हळूच म्हणाले, "हिला रस्त्यात सगळी वळखत्यात. चहावाली गाडीपाशी आली, हिची साखर बंद हाय हे तिला ठावं. एका म्हातारीनं बोरं दिली. मला कुनी इचारलं न्हाई." आवाजात थोडा राग होता.

मामींना मशीनला लावलं. मामा शेजारच्या स्टुलावर बसले. तासाभराने बाहेर आले आणि मला विचारलं, "झालं का?"

"अजून तीन तास आहेत, मामा."

"चार तास?" ते म्हणाले. गाडी पोचली किती वाजता आणि निघाली किती वाजता, हे त्यांना दीड वर्षं मिनिटांनिशी माहीत होतं; मधल्या वेळेचा विचार मात्र कधी केला नव्हता. "म्हंजे दर बारीला चार तास ही अशीच पडून असती? एकटी?"

ते आत गेले. काचेतून दिसत होतं, मामी डोळे मिटून होत्या आणि मामा त्यांच्याकडे बघत नुसते बसले होते.

आता गुरुवारी ते येतात. सोमवारी गाड्यांची गर्दी असते, तेव्हा जमत नाही. मामी तक्रार करत नाहीत. फक्त बायकोला एकदा म्हणाल्या, सोमवारचा रस्ता हल्ली लई लांब वाटतो.