तिसरीच्या वर्गातली गाय

गुरुजींनी टोपी काढून टेबलावर उपडी ठेवली, की तिसरीच्या पोरांना कळायचं, आता थापा मारायला परवानगी. मग ते हात चोळत म्हणायचे, "हं, मारा! पण पोकळ नको. थापेलासुद्धा हाडं लागतात!"

पनवेलच्या आमच्या लोकलबोर्डाच्या शाळेत मी चौथीचा मास्तर; माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. मधे नुसत्या लाकडी फळ्या. इकडे मी त्रैराशिक मांडतोय आणि तिकडून काय ऐकू यावं? "कर्नाळ्याच्या डोंगराची दाढ दुखतेय!" की माझी अख्खी चौथी फळ्यांना कान लावून बसलेली. तुम्हीच सांगा, कसलं डोंबलाचं गणित होणार?

मी भांडायचो. "अहो, पोरं बिघडवताय तुम्ही! मीठ आणायला धाडलं तर येऊन गोष्ट सांगतात."

"मीठ आणलं का पण?"

"आणलं."

"मग झालं तर!"

एकदा ते पाटी धरून धावतच माझ्या वर्गात आले. "बोट लावू नका, पुसेल!" मिठागरावरच्या एका पोरीनं वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं: खाडीचं पानी कुठं गेलं? चांदोबानं चहाला नेलं. गुरुजींनी ती पाटी सगळ्या मास्तरांना, शिपायाला, बाहेर उभ्या टांगेवाल्यालाही दाखवली. टांगेवाला म्हणाला, "बरं मग?" गुरुजी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

आणि मग शाळा तपासायला डिप्टीसाहेब येणार अशी वर्दी आली. साहेबांचा खाक्या ठरलेला. प्रत्येक वर्गात गाय विचारायची. "गाय हा उपयुक्त पशू आहे" घडाघडा आलं नाही, तर गुरुजींची बदली. आमचे गुरुजी पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. म्हणाले, "बदलीचं काही नाही हो, पण ही पोरं आत्ता कुठं बोलायला लागलीत."

मला कणव आली आणि मीच शक्कल लढवली. ज्याला पुस्तकातली गाय येते त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याच्या डोक्यात भलतीच गाय शिरेल त्यानं डावा. गुरुजींनी फक्त उजव्यांना उठवायचं. पोरांकडून दोनदा घोकून घेतलं.

साहेबांनी विचारलं, "गाईबद्दल कोण सांगेल?" चाळीसच्या चाळीस हात वर. सगळे डावे! फळ्यांच्या फटीतून मी बघत होतो, कपाळावर हात मारून घेतला. गुरुजींनी एकवार वर्गाकडे पाहिलं आणि त्या मिठागरावरच्या पोरीला उठवलं.

"गाईला पाय किती?" साहेबांनी विचारलं.

"कालपरेंत चार व्हते, साहेब."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि आज?"

"एक पाय खाडीत धुवाया घातला, तो भरतीनं नेला."

"मग?"

"बाकीचे तीन त्याला शोधाया गेले. गाय घरीच हाय. म्हनते, आदी पाय आना, मंग दूध घ्या."

साहेब हसले हो! डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मी मनात म्हटलं, वाचलो. मग त्यांनी रुमालानं डोळे पुसले, घसा खाकरला आणि शेरेबुकात लिहिलं, "मुलांस गाईचे ज्ञान नाही." महिन्याभरात गुरुजींची बदली झाली, पार पोलादपूरच्या पलीकडे.

शक्कल माझी आणि भोगलं त्यांनी. मी तोंड पाडून माफी मागायला गेलो, तर वळकटी बांधता बांधता म्हणाले, "अहो, चाळीस डावे हात! चाळीस! असा निकाल कुणाचा लागलाय?" मग वळकटीची गाठ त्यांच्या हातून काही केल्या बसेना. शेवटी मी मारली.

नवा मास्तर येईना, म्हणून तिसरी माझ्याच गळ्यात पडली. पहिल्याच दिवशी ती पोर उठली.

"गुरुजी, आमचे गुरुजी कदी येनार?"

ते येणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण आयुष्यात कधी थाप मारली नव्हती, ती मारली.

"निघालेत. पण सावित्री नदीनं वाट अडवलीय. म्हणते, गोष्ट सांगा, संपली की सोडते."

"मंग?"

"मग काय... सांगताहेत. त्यांची गोष्ट संपतच नाही."



"म्हंजे नाय येनार," ती म्हणाली, आणि पाटी पुढे ओढून लिहायला लागली.