काश्यप गोत्राचा उमेदवार

आमच्या घरातून अमेरिकेच्या निवडणुकीत ढवळाढवळ झाली होती. एकदा नाही, दोनदा झाली, आणि दोन्ही वेळा मी घरातच होतो. पहिली वडिलांनी उघडपणे केली. दुसरीची खबर मला फार उशिरा लागली.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. गाव संग्रामपूर तालुक्यात, शेती बेताची. ती मीच पाहतो आणि तालुक्याच्या गावी खत-बियाण्याचं दुकान चालवतो. थोरला भाऊ नऊ वर्षांपासून अमेरिकेत, कॉम्प्युटरच्या कामावर. तिथं राहायचा परवाना त्याला दर काही वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. वर्षाआड फेब्रुवारीत तो तीन आठवडे घरी येतो आणि त्या तीन आठवड्यांच्या आशेवर आई बाकीचे दिवस काढते. मी बारा महिने तिच्या डोळ्यांसमोर असतो, त्याचं कौतुक कुणाला नाही. हे मी चिडून लिहितोय, मला ठाऊक आहे.

त्या वर्षी तिकडे दोघांत लढत होती. त्यातला एक म्हणत होता की बाहेरच्यांनी आपापल्या घरी जावं. एवढं ऐकल्यावर वडिलांनी दुसऱ्याला ‘आपला माणूस’ म्हणायला सुरुवात केली. कापूस वेचायला आलेल्या बाया चहा पिऊन शेतात निघेपर्यंत ते त्यांना आपल्या माणसाची बाजू समजावून सांगत. एकीनं विचारलं, “मास्तर, आपल्याले मत टाकता येते का तिथं?”

“नाई येत.”

“मंग काऊन जीवाले घोर लावून घेता?”

त्याच दिवशी वडिलांनी सत्यनारायण घालायचं ठरवलं.

शेजारच्या गावाहून गुरुजी आले. पूजा कोणाच्या यशासाठी, असं त्यांनी विचारलं तेव्हा वडिलांनी उमेदवाराचं पूर्ण नाव सांगितलं. गुरुजींनी ते दोन-तीनदा जिभेवर घोळवून पाहिलं. मग गोत्र विचारलं.

“गोत्र तं मालूम नाई,” वडील म्हणाले.

“मालूम नसलं का काश्यप लावा. चालते.”

अशा रीतीनं तो माणूस काश्यप गोत्राचा झाला आणि त्याच्या विजयासाठी आमच्या बैठकीत शंख वाजला. आई शिऱ्याचं पातेलं धरून दारात उभी होती. मला हसू आवरत नव्हतं. ती मात्र हसली नाही, तेव्हा मला वाटलं तिला पोराची काळजी लागली असेल.

शेजारच्या काकांनी पूजेचा फोटो मोबाइलवर स्टेटसला ठेवला, खाली उमेदवाराचं नाव आणि ‘विजयी भव’. तो फिरत फिरत भावापर्यंत पोचला. त्याचा लगेच फोन आला. तिकडे आता लोकांचे मोबाइल तपासतात, असलं काही सापडलं तर मी अडकेन, म्हणाला. वडील घाबरले. दुपारच्या उन्हात ते घरोघर फिरले आणि प्रत्येकाला समोर बसवून फोटो काढून टाकायला लावला. शाळेत वह्या तपासायचे तसे त्यांनी गावाचे मोबाइल तपासले. काकांनी तर नवीनच भीती घातली, “मास्तर, तुमच्यावर तिथं केस होते आता.” त्या दिवसापासून अंगणात कोणतीही अनोळखी मोटरसायकल थांबली की वडील आत जाऊ लागले.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात पेपरात बातमी होती की दुसरे देश गुपचूप त्या निवडणुकीत हात घालत आहेत. वडिलांनी ती मोठ्यानं वाचली आणि खरोखरच संतापले. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं कशाला, म्हणाले. मी त्यांना सत्यनारायणाची आठवण करून दिली.

“आपन देवामार्फत करून राह्यलो,” ते म्हणाले. “त्याले हस्तक्षेप म्हनत नाई.”

निकालाच्या दिवशी ते सकाळपासून टीव्हीसमोर होते. वेचणीच्या बाया येऊन गेल्या, गाय ओरडून थकली. दुपारपर्यंत कळलं की आपला माणूस पडला. वडिलांनी टीव्ही बंद केला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग लोक बसायला यायला लागले. घरात कोणी गेलं नव्हतं, तरी येऊन ओट्यावर बसत, जरा वेळ गप्प राहत, आणि ‘होते असं’ म्हणून चहा घेऊन उठत. नवीन सरकार जानेवारीत खुर्चीवर बसणार होतं. तेवढ्या काळात वडिलांनी भावाच्या परतीची सगळी आखणी केली. कोणत्या खोलीत राहील, कोणत्या कॉलेजात शिकवेल. मला म्हणाले, “तुह्या दुकानात एक खुर्ची वाढव. काही दिवस बसन तो.” माझ्या डोक्यात तिडीक गेली. नऊ वर्षं अमेरिकेत काढलेला माणूस माझ्या दुकानात युरियाच्या पोत्यांमध्ये बसणार, आणि येणारी गिऱ्हाइकं त्याच्याशी बोलणार. मी खुर्ची आणली नाही.

आई या सगळ्यात शांत होती. तिनं भावाची गादी उन्हात घातली, त्याला आवडतो म्हणून ठेचा कुटून बरणीत भरला. ‘हिले राजकारन समजत नाई,’ असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

नव्या माणसानं शपथ घेतल्याची बातमी पेपरात आली, त्या सकाळी आई चुलीपुढून उठून बाहेर आली. “मले शेगावले पायी जायचं हाय,” म्हणाली. “अनवानी. नवस हाय.”

“कोनता नवस?” वडिलांनी विचारलं. “आपला मानूस तं पडला.”

“तुमचा पडला.”

वडिलांना कळायला वेळ लागला. मलाही लागला.

“तू त्या दुसऱ्यासाठी नवस केला होता?”

“त्याच्यासाठी काऊन करू? तो म्हने सगळ्यायले घरी पाठवतो. म्हन्लं, पाठवू दे.”

वडील तिच्याकडे पाहतच राहिले. “म्हनजे मी पूजा घातली तवा...”

“तवा शिरा मीच केला होता,” आई म्हणाली. “त्यात काही कमी नाई केलं.”

देवाच्या पाया पडून आपला माणूस पाडायचा होता तर आधी सांगायचं, एवढंच वडील संध्याकाळी माझ्याकडे पुटपुटले. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. पोरगा सुखात राहावा म्हणून बाप देवाला साकडं घालत होता, आणि तो नुसता घरी यावा म्हणून आई घालत होती.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. नोकरी शाबूत होती, त्याला कोणी काढलं नव्हतं. पण आता देशाबाहेर पडलो तर परत आत घेतील का, याचा भरवसा नाही, म्हणाला. फेब्रुवारीचं तिकीट त्यानं रद्द केलं होतं. हे सरकार आहे तोवर मी इथून हलत नाही, म्हणाला.

वडील आईला म्हणाले, “आता काह्यचा नवस फेडतं? उलटंच झालं सगळं.”

“देवानं माह्यं काम केलं,” आई म्हणाली. “पुढचं त्या मानसानं नाई केलं. त्यात देवाचा काय दोष?”

दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर ती निघाली. मी मोटरसायकलवर पाण्याच्या बाटल्या आणि तिच्या चपला घेऊन मागे मागे. वरवट बकालच्या पुढे ती रस्त्याकडेच्या एका दगडावर टेकली. टाचेत काटा गेला होता, तो मी काढत होतो, तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो खुशीत होता.

“आई, परवाना नवा झाला. आनखी तीन वर्षं चिंता नाई. बाबानं सांगितलं, तू माह्यासाठी नवस फेडायले चालली म्हनून. तुह्यामुळंच झालं हे सगळं.”

वडिलांनी त्याला अर्धंच सांगितलं होतं. मी आईकडे पाहिलं. ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्याचा चेहरा बघत होती.

“हाव,” ती म्हणाली. “जेवला का तू?”

तो जेवला होता. पाय दुखत असतील, गाडीवर बस, म्हणाला. दुखत नाहीत, असं तिनं सांगितलं. फोन बंद झाल्यावर तिनं तो पदरानं पुसून माझ्या हातात दिला.

“त्याले कदी सांगजो नको,” म्हणाली. मग जरा थांबून, “तीन वर्षं म्हन्ला नं?”

“हाव.”

“तेवढे तं जातीन.”

माझा भावावरचा राग मी तिथंच सोडला असं नाही, पण त्या क्षणी मला रडू आलं आणि मी ते लपवायला गाडीचं इंजिन बघायला वाकलो. आई तोवर उठून चालायला लागली होती. शेगाव अजून बरंच लांब होतं.