दंडावरचा बत्तासा

माधव नगरच्या बागेत, हिवाळ्यातल्या धुक्यात फिरायला येणाऱ्या आम्ही सगळ्या बायका शालीत गुरफटलेल्या असायचो, आणि आमच्यातली एकटी एक जण शाल काढून पदराने वारा घेत बसायची. दंडावर बत्ताशाएवढं पांढरं यंत्र चिकटवलेलं. मधूनच त्याला मोबाइल टेकवून ती रक्तातल्या साखरेची वर-खाली होणारी रेघ बघायची, घाटावर बसून क्षिप्रेचं पाणी बघावं तशी.

एकदा मी विचारलं, "हे कशाला हो?"

"पाळी जाऊ लागल्यापासून रात्रभर घाम, झोप नाही. सकाळी काही न खाता शुगर चढलेली. घरचे म्हणायचे, चोरून मिठाई खातेस. आता त्यांना रेघच दाखवते."

"मग मानलं?"

"यंत्राचं मानलं," ती हसून म्हणाली, आणि धुक्यात निघून गेली.

मी हळूच शाल खांद्यावरून उतरवली. मलाही केव्हाचं उकडत होतं.