लिहून राहिली

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या एका छोट्या कंपनीत आम्ही स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होतो. फ्लॉपीवर फाइल कशी मांडायची याचा आराखडा आमच्या पुण्याच्या साहेबांनी केला आणि तपासायला मला दिला. चाचणीचं मशीन साकोलीच्या धान सोसायटीत बसवलं होतं. त्यावर टाइप करायला होती माझी थोरली बहीण. काही गडबड झाली की बोल तिलाच लागणार, म्हणून मी डोळ्यांत तेल घालूनच वाचलं.

फ्लॉपीवरच्या जागेला दोनच खुणा होत्या: रिकामी, नाहीतर भरलेली. साहेब मशीन पाहायला साकोलीला आले, तेव्हा सोसायटीत बसूनच मी त्यांना म्हटलं, "सर, फाइल लिहून राहिली आहे, अशी तिसरी खूण पाहिजे."

"लिहिली की राहिली? एक काय ते ठरवा!" साहेब हसले. आमच्याकडे लिहून राहिली म्हणजे लिहिणं चालू आहे; त्यांच्याकडे लिहायची राहून गेली तरच ती राहिली. माझं डोकं सणकलं.

"इथं लाइन कधीबी जाते, सर."

"त्यासाठी दर फाइलमागे दोनदा खूण बदलायची? मशीन रांगायला लागेल. पुढच्या आठवड्यात आराखडा पक्का करतोय."

पक्का झाला की संपलंच. मशीनं गावोगाव गेल्यावर मांडणी कोण बदलतो! मी उठले आणि भिंतीवरचा विजेचा खटका खाली ओढला.

"काहून वं!" बहीण ओरडली. "सकाळपासून लिहून राहिली होती ना मी!"

खटका वर केला, मशीन सुरू झालं. फाइलचं नाव जागेवर, खूण 'भरलेली'. उघडली तर अर्ध्यानंतर नुसता कचरा. बहिणीचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं. साहेब खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले, "ताई, मी वाचतो, तुम्ही टाका," म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत धानाच्या नोंदी वाचत राहिले. भला माणूस!

आराखड्यात तिसरी खूण आली; तिचा प्रोग्राम साहेबांनी स्वतःच लिहायला घेतला. काही महिन्यांनी नवी सिस्टीम घेऊन मी साकोलीला गेले. दुपारी लाइन गेली, परत आली. पडद्यावर रोमन अक्षरांत एक ओळ उमटली. बहिणीनं अक्षरं जुळवत वाचली: "फाइल लिहून राहिली होती. तपासा."

"अवं, हे तं आपल्यावानी बोलते!" ती हसतच सुटली.

ती ओळ मी लिहिलेली नव्हती.