सिस्टरनी विचारलं तेव्हा

आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला आम्ही दर महिन्याला दहिसरच्या एका छोट्या दवाखान्यात जातो. तिथल्या सिस्टरचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलणं तुटक, हात मात्र हलका. कुणी झोप लागत नाही म्हणालं, की त्या बीपीचा पट्टा सोडता सोडताच सांगायच्या, "टेन्शन घेऊ नका, देवाचं नाव घ्या. चला, पुढचे!" बाबा गेल्यावर आई जेवेनाशी झाली, तेव्हा तिलाही हेच ऐकवलं. घरी मीही तेच सांगत होतो.

मध्यंतरी सिस्टर चार दिवस ट्रेनिंगला गेल्या होत्या, नैराश्य कसं ओळखायचं याच्या. परवा त्यांनी आईचं बीपी घेतलं आणि पुढच्याला हाक न मारता खुर्ची जवळ ओढली.

"आजी, जगणं नकोसं वाटतं का हो कधी?"

मी मध्येच बोललो, "सिस्टर, असं काय विचारता? नसतं काहीतरी येईल ना तिच्या डोक्यात!"

"मलाही आधी असंच वाटायचं. विचारल्याने येत नाही. तुम्ही जरा गप्प बसा."

आई पदराशी चाळा करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज वाटतं."

सिस्टरनी तिचा हात धरला. "मागे तुम्ही सांगत होतात, मी ऐकलंच नाही," म्हणाल्या, आणि स्वतः तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

मी बाहेर बाकावर बसलो. रोज सकाळी मी ऑफिसला निघालो, की आई दारापर्यंत येऊन म्हणायची, "लवकर ये रे." मी मोबाइल बघत "हो" म्हणायचो.